टिपवर काम करणाऱ्यांचं किमान वेतन : न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींकडून वारंवार येणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत छोट्या रेस्टॉरंटांचे पगार काढायचं काम करतो, म्हणजे तास मोजणं, चेक छापणं, कर भरणं. आपल्याकडची पोरं शिकायला आली की त्यातली काही कधी ना कधी वेटरचं काम धरतात. काहींच्या बायका सलूनमध्ये असतात, आणि आपल्यातलेच दोन-चार जण स्वतःचं हॉटेल काढून बसलेत. हे सगळे मला तेच तेच प्रश्न पाठवतात. मालकही पाठवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचे प्रश्न जास्त गोंधळलेले असतात. आकडे २०२५ सालचे आहेत. बऱ्याच राज्यांत ते दर १ जानेवारीला बदलतात, तेव्हा नव्या वर्षात आपल्या राज्याच्या कामगार खात्याचा दर बघून घ्या. मी वकील नाही. जे रोज हाताळतो तेच इथे लिहिलंय.

१. काका, वेटरला अमेरिकेत तासाला फक्त २.१३ डॉलर मिळतात, हे खरं आहे का?

अर्धं खरं. केंद्राच्या कायद्यानुसार मालकाने स्वतःच्या खिशातून किमान २.१३ डॉलर दिलेच पाहिजेत. पण वेटरचं किमान वेतन २.१३ नाही. ते इतर कुणाही कामगाराइतकंच, ७.२५ डॉलर आहे. मधले ५.१२ गिऱ्हाइकांच्या टिपांतून आले असं धरायची मालकाला मुभा आहे. ते आले नाहीत तर मालकाने भरायचे. ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही, म्हणून २.१३ हाच पगार आहे असं नव्या पोरांना वाटतं. शिवाय केंद्राचा दर ही फक्त तळाची पायरी आहे. राज्याचा दर जास्त असेल तर तोच लागू होतो (प्रश्न ४).

२. हे ‘टिप क्रेडिट’ म्हणजे काय? बँकेचं काही आहे का?

बँकेशी संबंध नाही. तुमच्या टिपांचा जो भाग मालक किमान वेतनात जमा धरतो, त्याला टिप क्रेडिट म्हणतात. केंद्राच्या कायद्यात हा भाग तासाला जास्तीत जास्त ५.१२ डॉलर असतो. पैसे मालकाकडे जात नाहीत, तुमच्याकडेच राहतात, फक्त तेवढं त्याचं देणं कमी होतं. म्हणजे तुम्हाला तासाला मिळालेल्या टिपेतले पहिले पाच डॉलर बारा सेंट खरं तर मालकाची बचत आहेत, आणि तुमचा खरा फायदा त्यानंतर सुरू होतो. बिलाखाली टिपेचा आकडा लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला याची कल्पनाही नसते.

३. या आठवड्यात बर्फ पडला, हॉटेल रिकामं होतं. टिपा आल्याच नाहीत. आता?

आता मालकाने तूट भरायची. हिशोब आठवड्याचा करतात, दिवसाचा नाही. टेक्सासमधल्या एका वेटरचं उदाहरण घेऊ, कारण तिथे केंद्राचेच दर आहेत. त्याने आठवड्यात ३० तास काम केलं. मालकाकडून २.१३ प्रमाणे ६३.९० डॉलर आले. टिपा जमल्या ११० डॉलर. एकूण १७३.९०. किमान वेतन ३० तासांचं ७.२५ प्रमाणे २१७.५० होतं. फरक ४३.६० डॉलर. हे पैसे मालकाने त्या आठवड्याच्या पगारात घालायचे. तुम्ही मागितले नाहीत तरीही.

आता यातली मेख. मंगळवारी दिवसभरात आठ डॉलर मिळाले आणि शनिवारी दोनशे, तर शनिवार मंगळवारला सांभाळून घेतो आणि मालकाला काही द्यावं लागत नाही. पण या आठवड्याची तूट पुढच्या आठवड्याच्या चांगल्या टिपांनी भरून काढता येत नाही. प्रत्येक आठवडा स्वतंत्र. पगार पंधरा दिवसांनी होत असला तरी हिशोब आठवड्याचाच. ‘अरे, दिवाळीत तुला भरपूर मिळाले की, आता कशाला कुरकुर’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. त्याला कायद्यात काडीचा आधार नाही.

४. माझ्या राज्यात दर किती आहे?

राज्यांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिल्या गटात टिप क्रेडिट अजिबात चालत नाही. वेटरला आधी पूर्ण किमान वेतन, टिपा त्यावर. अशी राज्यं सात : कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का. कॅलिफोर्नियात २०२५ चा दर १६.५० डॉलर होता, वॉशिंग्टन राज्यात १६.६६. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतला भाचा आणि टेक्सासच्या डॅलसमधली पुतणी एकाच कामाचा पगार सांगतात तेव्हा घरात भांडण होतं, ते यामुळे.

दुसऱ्या गटात क्रेडिट आहे, पण मालकाचा वाटा केंद्रापेक्षा जास्त. २०२५ मध्ये आमच्या न्यू जर्सीत किमान वेतन १५.४९ होतं आणि मालकाने स्वतः द्यायचे ५.६२. न्यू यॉर्क शहरात त्या वर्षी किमान १६.५०, आणि हॉटेलात जेवण वाढणाऱ्याला मालकाकडून ११.००. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ आणि ६.७५. इलिनॉयमध्ये १५ आणि ९, पण शिकागो शहराचं गणित वेगळं (प्रश्न १९). पेनसिल्वेनियात किमान वेतन केंद्राचंच, ७.२५, फक्त मालकाचा वाटा २.८३.

तिसऱ्या गटात टेक्सास, जॉर्जियासारखी राज्यं : ७.२५ आणि २.१३.

एक लक्षात ठेवा. केंद्र, राज्य, शहर यांपैकी कामगाराला ज्यात जास्त मिळतं तो नियम लागू होतो. डेलावेअर नदीच्या अलीकडे (न्यू जर्सीत) काम करता की पलीकडे (पेनसिल्वेनियात), यावरून तासाला मालकाच्या खिशातून येणारे पैसे जवळजवळ दुप्पट होतात. मुक्काम कुठे आहे याने फरक पडत नाही. काम कुठे करता ते महत्त्वाचं.

५. मी कॅशियर आहे. काउंटरवर बरणी ठेवली आहे, महिन्याला वीस-पंचवीस डॉलर वाट्याला येतात. मला कमी दर लावता येतो का?

नाही. केंद्राच्या कायद्यात ‘टिप मिळणारा कामगार’ म्हणजे नेहमीच्या कामात महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिपा मिळवणारा. त्याखाली असाल तर पूर्ण किमान वेतन. तीस डॉलरची ही मर्यादा १९७७ च्या दुरुस्तीतली आहे आणि तेव्हापासून हललेली नाही. पेनसिल्वेनियाने मात्र २०२२ मध्ये आपल्या राज्यापुरती ती १३५ डॉलर केली.

६. मालकाने मला टिप क्रेडिटबद्दल काही सांगितलंच नव्हतं. चेक बघितला तेव्हा कळलं.

मग त्याला क्रेडिट घेण्याचा हक्कच नव्हता. आधी सांगणं ही अट आहे. मालक स्वतः किती देणार, क्रेडिट किती धरणार, क्रेडिट प्रत्यक्ष टिपांपेक्षा जास्त असणार नाही, कायदेशीर वाटणी सोडली तर सगळ्या टिपा तुमच्याच राहतील, आणि हे सांगितल्याशिवाय क्रेडिट लागू होत नाही, एवढ्या गोष्टी कामगाराला कळवाव्या लागतात. केंद्राच्या नियमात तोंडी सांगितलं तरी चालतं, पण वाद झाला की ‘सांगितलं होतं’ हे मालकाला सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या मालकांना मी एका पानावर लिहून सही घ्यायला लावतो. सुरुवातीला ते हसतात. न सांगितल्यामुळे क्रेडिट बाद झालं तर प्रत्येक तासाचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. मग हसू येत नाही.

७. आमचे मालक स्वतः गल्ल्यावर बसतात आणि संध्याकाळी टिपांतला वाटा घेतात. म्हणतात, ‘मीही राबतोच ना?’

राबत असतील, पण वाटा घेता येत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायद्यात दुरुस्ती करून स्पष्ट केलं की मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपा ठेवता येणार नाहीत. टिप क्रेडिट घेत असोत वा नसोत. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पूर्ण पगार देणाऱ्या मालकालाही हेच लागू आहे.

अपवाद एकच. मॅनेजरने एखाद्या टेबलाची सेवा एकट्याने केली आणि त्या गिऱ्हाइकाने त्यालाच टिप दिली, तर ती तो ठेवू शकतो. पण त्याने तुमच्या टेबलावर पाण्याचा जग आणून ठेवला म्हणून वाटा मागितला, तर ते चालत नाही.

मॅनेजर कोण, हे पाटीवरून ठरत नाही. माणसं कामावर घेणं-काढणं, किंवा त्यात ज्याचा शब्द चालतो, इतरांवर देखरेख हेच ज्याचं मुख्य काम, असा माणूस. ज्येष्ठ वेटरला सगळे ‘मॅनेजरसाहेब’ म्हणत असतील आणि तो प्रत्यक्षात फक्त वाढत असेल, तर त्याला वाटा मिळू शकतो. आपल्या हॉटेलांत मालकाचा मेहुणा हा एक हमखास प्रकार असतो. तो नेमकं काय करतो, हे आधी शोधून काढावं लागतं.

८. किचनमधल्या मुलांनाही टिपांतून द्या, असं सांगतात. ते बरोबर आहे का?

मालक टिप क्रेडिट घेतो की नाही, यावर ठरतं. घेत असेल तर सक्तीची वाटणी फक्त ज्यांना नेहमी टिपा मिळतात त्यांच्यातच : वेटर, टेबल आवरणारे, बारवाला. आचारी आणि भांडी घासणारे त्यात येत नाहीत. मालक सगळ्यांना पूर्ण किमान वेतन देत असेल, तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर तंदूरवाल्यालाही वाटणीत घेता येतं. न्यू यॉर्क राज्याचा नियम अधिक कडक आहे. तिथे गिऱ्हाइकाशी संबंध नसलेल्या स्वयंपाक्याला टिपांच्या वाटणीत घेता येत नाही.

तुम्ही आपखुशीने किचनमधल्या कुणाला पाच डॉलर दिलेत, तर कायदा मध्ये येत नाही. सक्ती हा प्रश्न आहे. माझं स्वतःचं मत विचाराल, तर उन्हाळ्यात तंदूरपाशी उभा असलेला माणूस टिपेचा पहिला हकदार आहे. पण ते मालकाने त्याचा पगार वाढवून करावं, वेटरच्या खिशातून नाही.

९. कार्डावर दिलेल्या टिपेतून मालक तीन टक्के कापतो. चालतं?

केंद्राच्या नियमात चालतं, पण त्या टिपेवर कार्ड कंपनी जेवढं शुल्क घेते तेवढंच. कंपनी अडीच टक्के घेत असेल आणि मालक तीन कापत असेल, तर वरचा अर्धा टक्का बेकायदा. कापल्यामुळे तुम्ही किमान वेतनाखाली जाता कामा नये. आणि कार्ड कंपनीचे पैसे उशिरा येतात म्हणून तुमची टिप रोखून धरता येत नाही. ती नेहमीच्या पगाराच्या दिवशी मिळायलाच हवी. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्वेनियात हे शुल्क टिपेतून कापायला बंदीच आहे.

१०. सहा-आठ माणसांच्या टेबलाला आपोआप १८ टक्के लागतात. ती माझी टिप आहे ना?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही अशी कुठलीही रक्कम केंद्राच्या दृष्टीने सर्व्हिस चार्ज असते. बिलावर काहीही नाव छापलेलं असो. ती हॉटेलची कमाई. मालक ती तुम्हाला देत असेल तर तो पगार होतो, टिप नाही. म्हणून ती टिप क्रेडिटच्या हिशोबात घेत नाहीत, पण किमान वेतन भरण्यासाठी पगार म्हणून धरता येते. कराच्या नव्या सवलतीतही ती बसत नाही (प्रश्न १६). काही राज्यांत याहून वेगळे नियम आहेत. न्यू यॉर्कमध्ये, गिऱ्हाइकाला ही टिपच वाटेल अशा तऱ्हेने आकारलेले पैसे कामगारांना द्यावे लागतात.

टिप खरी असेल तर ती किती आणि कुणाला द्यायची, हे गिऱ्हाईक ठरवतं. मशीनवर १८, २०, २२ अशी बटणं असली आणि गिऱ्हाइकाला शून्यही दाबता येत असेल, तर ती टिपच.

११. ताट फुटलं, गिऱ्हाईक बिल न देता पळालं, गल्ल्यात पैसे कमी आले. माझ्या पगारातून कापलं.

मालक टिप क्रेडिट घेत असेल तर यातलं काहीही कापता येत नाही. कारण सोपं आहे. क्रेडिट घेतलं म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्हाला नेमकं किमान वेतनच मिळतंय. त्यातून एक डॉलर काढला तरी तुम्ही खाली गेलात. गणवेशाचंही तसंच. टिपा भरपूर मिळतात म्हणून कापायला जागा आहे, हा युक्तिवाद चालत नाही, कारण क्रेडिटच्या वरच्या टिपा मालकाने दिलेला पगार नव्हे. जेवणाचा वाजवी खर्च मात्र ठरावीक अटींवर पगारात धरता येतो. हॉटेलातली डाळ-भाताची थाळी दिली आणि पंधरा डॉलर लावले, असं नाही. खर्च म्हणजे मालकाला प्रत्यक्ष पडलेला खर्च, मेनूवरची किंमत नव्हे.

१२. मला वेटर म्हणून घेतलं, पण अर्धा दिवस कांदे चिरतो आणि बाथरूम धुतो. त्या तासांनाही ५.६२ च?

यावर गेल्या काही वर्षांत नियम दोनदा फिरला. २०२१ मध्ये केंद्राच्या कामगार खात्याने असा नियम केला होता की आठवड्याच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त किंवा सलग तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ टिप न मिळणारी कामं दिली, तर त्या वेळेला पूर्ण वेतन. ऑगस्ट २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. आता केंद्रात उरलाय तो जुना ‘दोन नोकऱ्या’ नियम. कामाला जोडून येणारं, म्हणजे टेबल लावणं, कॉफी करणं, अधूनमधून भांडी विसळणं, हे वेटरच्या कामातच धरतात. पण कुणी खरोखर दोन वेगळी कामं करत असेल, उदाहरणार्थ सकाळी हॉटेलची दुरुस्ती आणि संध्याकाळी वाढप, तर क्रेडिट फक्त वाढपाच्या तासांना.

कांद्यांची पोती आणि बाथरूम हे माझ्या मते दुसऱ्या खान्यात जातात, पण घासाघीस होईल. न्यू यॉर्कमध्ये रेष स्पष्ट आहे. दिवसात दोन तास किंवा पाळीच्या वीस टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढं टिप न मिळणारं काम केलं, की त्या दिवसाला क्रेडिट बंद.

१३. ओव्हरटाइम २.१३ च्या दीडपट, म्हणजे ३.२० ना?

नाही! मालकांच्या हिशोबातली ही सगळ्यात मोठी चूक मला सतत दिसते. आठवड्यात ४० तासांवर गेलात की दीडपट पूर्ण किमान वेतनाची करायची आणि मग त्यातून क्रेडिट वजा करायचं. ७.२५ ची दीडपट १०.८८. त्यातून ५.१२ गेले, उरले ५.७६. म्हणजे केंद्राच्या दरानेसुद्धा मालकाने ओव्हरटाइमला तासाला ५.७६ द्यायचे. ३.२० देणारा दर तासाला अडीच डॉलर खातो. बहुतेकदा मुद्दाम नाही, कुणीतरी बनवून दिलेल्या एक्सेलमुळे.

१४. मी थ्रेडिंग सलूनमध्ये आहे, हॉटेलात नाही. हे नियम मला लागू आहेत?

केंद्राचे लागू आहेत. टिप कुठल्या धंद्यात मिळते याने फरक पडत नाही. भुवया कोरणारी, नखं रंगवणारी, गाड्या धुणारा, विमानतळावर बॅगा उचलणारा, सगळे आले. न्यू यॉर्क राज्यात तुमची बाजू आणखी भक्कम आहे. तिथे ३१ डिसेंबर २०२० पासून सलून, कार वॉश वगैरे धंद्यांत टिप क्रेडिट पूर्ण बंद झालं. पूर्ण किमान वेतन, आणि टिपा वेगळ्या. हॉटेलांसाठी मात्र ते तिथे अजून चालू आहे.

सलूनवाल्या ताई आणखी एक विचारतात : ‘आमच्या बाई म्हणतात तू स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहेस, म्हणून १०९९ (कॉन्ट्रॅक्टरचा कराचा फॉर्म) देते, किमान वेतन लागू नाही.’ वेळ त्या ठरवतात, खुर्ची त्यांची, दोरा त्यांचा, दर त्यांचे, गिऱ्हाईक त्यांचं. मग तुम्ही कॉन्ट्रॅक्टर कसल्या? कागदावर काय लिहिलंय याने ठरत नाही. प्रत्यक्षात नियंत्रण कुणाचं आहे, यावर ठरतं. न्यू जर्सीत तर तुम्ही कामगारच आहात असं आधी धरतात, आणि तसं नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं. वेटरलाही हेच.

१५. मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. बाहेर काम करायची परवानगी नव्हती तरी केलं. आता मालक पैसे देत नाही आणि म्हणतो, ‘तक्रार कर बघू!’

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. केलेल्या कामाचं किमान वेतन मिळण्याचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. केंद्राचं कामगार खातं इमिग्रेशन स्थिती काहीही असली तरी केलेल्या तासांचं वेतन वसूल करून देतं, आणि तक्रार केली म्हणून धमकावणं, कामावरून काढणं हा मालकाचा वेगळा गुन्हा होतो.

दुसरी गोष्ट कटू आहे. परवानगीशिवाय काम केल्याने तुमचा व्हिसा धोक्यात येतो, आणि वेतनाचा कायदा त्यापासून वाचवत नाही. म्हणून आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग तक्रार. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी हेच विचारतो, मागाहून नाही. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असणाऱ्यांनाही हेच. कामाचं परवानापत्र नसेल तर हातात रोख मिळते म्हणून काम धरू नका.

१६. टिपांवर आता कर नाही म्हणे?

अर्धीच बातमी पसरली आहे. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपांवर वजावट दिली, वर्षाला जास्तीत जास्त २५,००० डॉलर. उत्पन्न दीड लाखावर (जोडप्याचं तीन लाखावर) गेलं की वजावट घटत जाते. लग्न झालेल्यांना एकत्र विवरण भरलं तरच मिळते, आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. फायदा मुळात केंद्राच्या आयकरात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापले जातातच. सर्व्हिस चार्ज यात नाही, ते वर आलंच.

टिपा सांगायच्या बंधनातून मात्र सुटका नाही. एका मालकाकडे महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिपा मिळाल्या, तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत त्याला लेखी कळवायचं. रोखीच्याही. २.१३ वर काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा चेक शून्याचा येतो, कारण टिपांवरचा कर मालकाने दिलेल्या त्या तुटपुंज्या वेतनातूनच कापला जातो. शून्याचा चेक म्हणजे फसवणूक असं नाही. पण त्याच्यासोबतची पगाराची चिठ्ठी फेकू नका.

१७. तक्रार कुठे आणि किती जुनी चालते?

केंद्राच्या कामगार खात्याचा वेतन आणि तास विभाग, किंवा राज्याचं कामगार खातं. खासगी वकीलही चालतो. फी लागत नाही असे वकील मिळतात, कारण जिंकल्यावर मालकाला ती भरावी लागते. केंद्राची मुदत दोन वर्षं, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये सहा वर्षं. थकलेल्या पैशाइतकीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून वर मिळू शकते, म्हणजे दुप्पट.

तास लिहून ठेवणं हे मालकाचं काम आहे, पण त्याने ठेवलं नाही तर तुमची वही कामी येते. रोज रात्री चार गोष्टी : आलो किती वाजता, गेलो किती वाजता, कार्डाच्या टिपा, रोख टिपा. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मालकाच्या मशीनमध्ये किंवा त्याच्या ग्रुपवर नको. नोकरी सुटली की ते तुमच्या हातून जातं. एका मुलाची तक्रार मी पाहिली आहे. दोन वर्षांच्या नोंदी त्याने किराणा दुकानाच्या पावत्यांच्या मागे पेन्सिलीने लिहिल्या होत्या. हिशोब लावायला मला तीन रविवार लागले, पण पैसे मिळाले.

१८. असा विचित्र नियम केला तरी का?

टिप ही प्रथा युरोपातून आली आणि इथे गुलामगिरी संपल्यावर फोफावली. पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हमाल-नोकर म्हणून घेतलं आणि तुटपुंजा पगार देऊन उरलेलं प्रवाशांच्या टिपांवर सोडलं. त्यांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये उभी राहिली, आणि करार व्हायला १९३७ उजाडलं. त्याआधी वॉशिंग्टन राज्यापासून (१९०९) सुरुवात करून काही राज्यांनी टिपेवर चक्क बंदी घातली होती. १९२६ पर्यंत सगळ्या बंद्या उठल्या.

१९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हा हॉटेलं, रेस्टॉरंटं त्याबाहेरच होती. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, पण सोबत टिप क्रेडिट आणलं : निम्मं वेतन मालकाने, निम्मं टिपांतून. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ होतं, त्याचं निम्मं २.१३. मग १९९६ ला काँग्रेसने किमान वेतन वाढवलं, पण निम्म्याचं नातं तोडून २.१३ तिथेच गोठवलं. तेव्हापासून सामान्य दर ७.२५ झाला (तोही २००९ पासून तिथेच अडकलाय), पण २.१३ मात्र हललेच नाहीत. मला वाटतं हा कायदा कुणी रचलेला नाही, विसरला गेलाय. विसरण्याने ज्यांचा फायदा होतो, त्यांनी मात्र तो चांगला लक्षात ठेवलाय.

१९. मग हे बंद होणार आहे का?

पुढे-मागे चाललंय. वॉशिंग्टन डीसीत मतदारांनी २०१८ मध्ये टिप क्रेडिट बंद करायचा कौल दिला, नगर परिषदेने तो फिरवला. २०२२ मध्ये पुन्हा कौल दिला, आणि २०२५ मध्ये परिषदेने तो पुन्हा सौम्य केला. शिकागोने २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठराव केला. जुलै २०२५ मध्ये तिथे मालकाने द्यायचा दर १२.६२ झाला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद करायला नकार दिला. मिशिगनमध्ये न्यायालयाने बंद करायला लावलं होतं, विधिमंडळाने २०२५ मध्ये तडजोड केली. आणि मजा म्हणजे विरोध करणाऱ्यांत वेटरही असतात. मॅनहॅटनच्या महागड्या बारमध्ये रात्रीला चारशे कमावणाऱ्याला भीती वाटते की पगार वाढला तर टिपा आटतील. तीस मैलांवरच्या हायवेवरच्या डायनरमधल्या बाईला मात्र वाढलेला पगारच परवडतो. एकाच कायद्याखाली ही दोन माणसं आहेत.

२०. भारतातही टिप पगारात धरतात का? आणि आई-बाबा इथे आलेत, टिप द्यायला तयार नाहीत. काय सांगू?

भारतात टिप क्रेडिटसारखं काही नाही. महाराष्ट्रात हॉटेल-खाणावळीतल्या कामगाराला मूळ वेतन आणि वर्षातून दोनदा बदलणारा विशेष भत्ता मिळून किमान वेतन ठरतं. गिऱ्हाइकाची टिप त्यात धरत नाहीत. टिप हे वेतन नव्हे, कारण ती मालक देत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सांगितलं होतं. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणातही, कार्डाने आलेली टिप मालकाने वाटली तरी ती त्याने दिलेला पगार होत नाही, असाच निकाल आला. सर्व्हिस चार्जची सक्ती नको असं ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये म्हटलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याला दुजोरा दिला.

म्हणून तुमचे बाबा म्हणतात, ‘पगार मालकाने द्यावा, मी कशाला?’, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांना प्रश्न ३ मधला टेक्सासचा हिशोब दाखवा. माझ्या वडिलांना मी एकदा दाखवला होता. ते म्हणाले, ‘म्हणजे मी त्या मालकाला मदत करतोय,’ आणि वीस टक्के ठेवून उठले. तेव्हापासून दर वेळी ठेवतात, आणि दर वेळी तेच वाक्य म्हणतात.